अनोळखी रानफूल ओळखायचंय? आयनॅचरलिस्ट, सीक आणि बाकीच्या अ‍ॅप्सचा माझा रिव्ह्यू

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनिया भागातल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. थंडी सरत आली की आपले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ट्रेलच्या फोटोंनी भरायला लागतात आणि त्यात दरवर्षी कोणी ना कोणी एक फूल टाकून विचारतंच, हे काय आहे कोणाला माहितीये का. मग कोणीतरी "रानजाई" म्हणतं, कोणी गूगल करून भलतंच नाव टाकतं, आणि दोन गुड मॉर्निंगनंतर विषय संपतो. तर आधीच सांगून टाकते, जंगलात दिसलेलं फूल खरंच ओळखायचं असेल तर फोनमध्ये आयनॅचरलिस्ट टाका, लहान मुलं बरोबर असतील तर सीक टाका, आणि पैसे मागणाऱ्या अ‍ॅपच्या नादाला लागू नका. आयनॅचरलिस्टला माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगतेच.

आधी या फुलांबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय अ‍ॅपची परीक्षा कशी झाली ते कळणार नाही. आपल्याकडे सह्याद्रीत रानफुलं म्हटलं की पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने, कास वगैरे. इथे पूर्व अमेरिकेत जंगलाच्या जमिनीवरच्या फुलांचा खरा सीझन म्हणजे मार्चचा शेवट ते मेची सुरुवात. ओक, मेपल, बीच, ट्यूलिप पॉप्लर या सगळ्या झाडांना तेव्हा पानंच नसतात, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत येतं, आणि जमिनीखाली कंद, गड्डे धरून बसलेली ही छोटी झाडं त्या थोड्या आठवड्यांत वर येतात, फुलतात, बी धरतात, आणि वर झाडांचं छप्पर झालं की त्यातली बरीचशी पानांसकट गायब होतात, जूनमध्ये तिथे गेलात तर इथे काही होतं यावर विश्वास बसणार नाही. यांना इथे स्प्रिंग इफेमरल म्हणतात. म्हणजे ओळखायला वेळ थोडा, फुलं छोटी, बरीचशी पांढरी, आणि पुस्तक घेऊन बसावं तर जमीन ओली. अ‍ॅप बरं पडतं ते इथे.

माझं फूल सावरलँड माउंटन प्रिझर्वमध्ये दिसलं, हिल्सबरोच्या बाजूने. तिथे जंगलात मोठमोठ्या काळ्या दगडांचे ढीग आहेत, त्या दगडांच्या कडेला जिथे उतार थोडा कोरडा आहे तिथे वाळक्या पानांतून एक बारीकशी काडी वर आलेली, जेमतेम वीतभर उंच, रंग गडद तपकिरी जवळजवळ काळा, आणि इतकी बारीक की वारा नसतानाही फूल हलत होतं. काडीच्या टोकाला छत्रीसारखा पानांचा एक घेर, आणि त्या घेराच्या बरोबर मधून तीन-चार नाजूक देठ निघालेले, प्रत्येकावर एकेक पांढरं फूल, रुपयाच्या नाण्याएवढं असेल नसेल. मधलं फूल सगळ्यात मोठं आणि आधी उमललेलं, बाजूची अजून कळ्या. पाकळ्यांना कडेने अगदी फिकी गुलाबी झाक. आणि पानं, ती तर फुलापेक्षा सुंदर, प्रत्येक छोट्या पानाच्या टोकाला तीन गोलसर खाचा, कोणी कात्रीने हळुवार कापल्यासारख्या.

आता हे वर्णन मी इतकं देतेय कारण नंतर कळलं की ओळख याच गोष्टींवरून पटते, फुलाच्या रंगावरून नाही. पण फोटो काढताना आपण सगळे काय करतो तर फुलाचा वरून एक क्लोजअप काढतो आणि खूश होतो. मी सवयीने पानांचा वेगळा, बाजूने एक, आणि सगळं झाड आजूबाजूच्या जमिनीसकट एक असे काढले होते म्हणून पुढचं सगळं झालं.

अ‍ॅपमध्ये फोटो टाकला की पहिल्यांदा कॉम्प्युटर सजेशन देतो. ते कसं देतो ते मला फार आवडतं. तो आधी म्हणतो की हे बहुतेक अमुक प्रजातीतलं (म्हणजे जीनस) किंवा कुळातलं आहे, आणि मग खाली संभाव्य जातींची यादी, त्यात कुठली दिसायला जुळते आणि कुठली या भागात अपेक्षित आहे ते वेगळं दाखवतो. माझ्या फुलाला वर आलं रू अ‍ॅनिमोनी, त्याखाली वुड अ‍ॅनिमोनी, त्याखाली फॉल्स रू अ‍ॅनिमोनी. तिघींचे फोटो बघितले तर तिन्ही पांढऱ्या, तिन्ही नाजूक, तिन्ही त्याच दिवसांत फुलणाऱ्या. इथे कॉम्प्युटर बिचारा काय करणार, एका वरून काढलेल्या फोटोत त्या खरंच सारख्या दिसतात. मी रू अ‍ॅनिमोनी निवडून नोंद टाकली, चारही फोटो जोडले, आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यावर कोणीतरी येऊन ओळख पक्की केली होती, आणि नुसतं बटण दाबून गेला नव्हता तर खाली लिहिलं होतं का ते. मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, पण माणसाने वेळ काढून समजावलं. त्याचा सारांश असा की वुड अ‍ॅनिमोनीला एका काडीवर एकच फूल येतं, इथे एकाच जागेतून तीन-चार देठ निघालेत म्हणजे ती नाही. शिवाय वुड अ‍ॅनिमोनीची पानं खोल चिरलेली आणि कडेला दातेरी असतात, इथे टोकं गोल आहेत. फॉल्स रू अ‍ॅनिमोनी मुख्यतः मिडवेस्टकडची, तिला पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्या पाचच असतात आणि गुलाबी झाक येत नाही, माझ्या मधल्या फुलाला मोजल्या तर सात होत्या. आणि शेवटी लिहिलं होतं की दुसरा फोटो, तो बाजूने काढलेला, त्यावरून नक्की सांगता आलं, असेच काढत जा.

हा एक रिप्लाय वाचून मला जेवढं कळलं तेवढं नाव सांगणाऱ्या कुठल्याच अ‍ॅपने कळलं नसतं. आता मी ट्रेलवर रू अ‍ॅनिमोनी लांबून ओळखते आणि वुड अ‍ॅनिमोनी दिसली तर खाली वाकून पानं बघते. हेच माझ्या मते या अ‍ॅपचं मोल आहे, नाव तर फोन पण सांगतो, पण कशावरून ते सांगायला माणूस लागतो आणि आयनॅचरलिस्टवर असे माणूस आहेत, फुकट, स्वतःच्या हौसेने, रोज बसून लोकांचे फोटो बघणारे. काही जण तर फक्त गवतंच बघतात, काही फक्त शेवाळं. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

अजून एक गोष्ट तिथूनच कळली, की त्या फुलाला खऱ्या पाकळ्या नाहीतच, पांढरं दिसतं ते निदलपुंजाचं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांचं, काम आहे. आपल्याकडची मोरवेल आठवा, पावसाळा संपता संपता कुंपणावर पांढरी होऊन पसरते ती, तिचंही तसंच, आणि दोन्ही एकाच कुळातल्या, रॅननक्युलेसी. रू अ‍ॅनिमोनीचं शास्त्रीय नाव थॅलिक्ट्रम थॅलिक्ट्रॉइडीस, आणि याच थॅलिक्ट्रम प्रजातीतली एक जात आपल्या सह्याद्रीतही आहे, थॅलिक्ट्रम डाल्झेली. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी लगेच पुण्याला बहिणीला फोन केला, तिने वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलंय, ती म्हणाली अगं मग तिथल्या जंगलात आपल्या चुलतबहिणीच भेटल्या तुला.

आता अ‍ॅप चालतं कसं ते थोडक्यात, कारण बरेच जण विचारतात. 2008 मध्ये बर्कलीला मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा प्रोजेक्ट होता, पुढे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल जिओग्राफिक सोसायटी यांच्या छत्राखाली वाढला, आणि 2023 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. तुम्ही फोटो, तारीख आणि जागा टाकायची, लोक ओळख सुचवतात, किमान दोन ओळखी पडल्या आणि दोन-तृतीयांशापेक्षा जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड होते, आणि परवान्यात बसत असेल तर ती जीबीआयएफ नावाच्या जागतिक डेटाबेसमध्ये जाते, तिथून संशोधक वापरतात. म्हणजे तुम्ही वीकेंडला कुत्र्याला फिरवताना काढलेला फोटो कुठलं फूल कधी फुललं याच्या कायमच्या नोंदीत बसतो. फूल आहे की कळी आहे की फळ आहे हेही नोंदीवर टाकता येतं, ते जरूर टाका, कारण त्यावरूनच वसंत कुठल्या वर्षी किती लवकर आला ते कळतं.

सीक हे त्यांचंच दुसरं अ‍ॅप आणि मुलांसाठी एक नंबर. अकाउंट लागत नाही, कॅमेरा नुसता फुलावर धरायचा आणि वर ठिपके भरत जातात, आधी वनस्पती, मग सपुष्प, मग कुळ, मग प्रजाती, आणि खात्री असेल तरच जात. खात्री नसेल तर तिथेच थांबतं, ढकलून नाव देत नाही. माझा मुलगा तिसरीत आहे, तो कॅमेरा घेऊन फुलाच्या चारी बाजूंनी फिरतो, शेवटचा ठिपका भरेपर्यंत, पानावर धरतो, मागून धरतो, आणि त्या नादात झाड नीट बघितलं जातं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बॅजेस मिळतात त्याचीही त्यांना मजा. जंगलात रेंज नसली तरी ओळखायचं काम चालतं. 13 वर्षांखालच्या मुलांना आयनॅचरलिस्टवर पालकांच्या परवानगीशिवाय अकाउंट उघडता येत नाही, त्यामुळे लहानांना सीकच द्या, आणि काही विशेष सापडलं तर तुमच्या अकाउंटवरून टाका.

प्लांटनेटही चांगलं आहे, फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचं, 2013 पासून आहे, तेही फुकट. त्यात तुम्ही फोटो फुलाचा आहे, पानाचा आहे, फळाचा की सालीचा ते सांगता, आणि ते त्याप्रमाणे जुळवतं. बागेतल्या झाडांसाठी आणि नुसतं पान असेल तेव्हा मी ते उघडते. गूगल लेन्स घाईत ठीक आहे, पण ते इंटरनेटवरची सारखी चित्रं शोधतं, त्यात नर्सरीच्या जाहिराती, वॉलपेपर, सगळं येतं, रानातल्या फुलासाठी माझा त्यावर भरवसा नाही.

पैसे घेणाऱ्या अ‍ॅप्सबद्दल एवढंच की एक मी वापरून बघितलंय, नाव घेत नाही, उघडल्या उघडल्या फ्री ट्रायलचा मोठा बोर्ड, बंद करायची फुली कोपऱ्यात इतकी बारीक की सापडत नाही, आणि ट्रायल संपली की वर्षभराचं सबस्क्रिप्शन कापलं जातं. बरं पैशाचं सोडा, त्याने एका पानाला छातीठोक नाव दिलं आणि खाली लगेच त्याचे औषधी उपयोग आणि खायच्या रेसिपी. कुठेही "कदाचित" नाही, दुसरा पर्याय नाही. मला हे अजिबात पटलं नाही. रानातली वनस्पती खायची की नाही हे कुठल्याही अ‍ॅपवरून ठरवू नका, अगदी मी वर कौतुक केलेल्या अ‍ॅपवरूनही नाही. आपल्या लोकांत हल्ली रॅम्प्स आणायची टूम निघालीये, म्हणजे इथला रानातला कांदा-लसणाच्या जातीचा पाला, चवीला सुंदर असतो हे खरं, पण त्याच दिवसांत फॉल्स हेलबोर वर येतं, लिली ऑफ द व्हॅलीही येते, दोन्ही विषारी आणि कोवळेपणी पानं फसवी, लोक खरंच दवाखान्यात गेलेत. चुरगाळून लसणाचा वास आला म्हणजे झालं असंही नाही, एकदा हाताला वास लागला की पुढच्या प्रत्येक पानाला तोच येतो.

ब्लडरूटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला जमिनीतून एकच पान वर येतं, शाल गुंडाळल्यासारखं देठाला लपेटलेलं, आणि त्याच्या वर एक पांढरंशुभ्र फूल, पाकळ्या बहुतेक आठ, त्यातल्या चार जरा लांब त्यामुळे फूल किंचित चौकोनी वाटतं. ढगाळ असलं की मिटून बसतं, आणि उमलल्यावर एक-दोन दिवसांतच पाकळ्या गळतात, म्हणून ज्याला दिसलं तो नशीबवान. यालाही सीक ओळखतं पण फूल गळून नुसतं पान उरलं की सगळे गोंधळतात, तेव्हा पानाचा मागचा भाग, शिरांसकट, तो फोटो टाका. मोडलं तर केशरी-लाल चीक निघतो, पण ते बघायला कृपा करून मोडू नका. आपल्याकडे रस्त्याच्या कडेचा पिवळा धोत्रा असतो ना, काटेरी, मोडला की पिवळा चीक, तो आणि हे एकाच अफूच्या कुळातले, आणि दोघांत सँग्विनरीन नावाचं तेच विषारी द्रव्य आहे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन ड्रॉप्सीची, म्हणजे अंगावर सूज येणाऱ्या आजाराची, साथ आली होती, अनेक माणसं दगावली, त्याला हेच द्रव्य कारण. आणि इकडे इंटरनेटवर ब्लडरूटचे काळे मलम विकतात, तीळ-चामखीळ जातात म्हणून, ते चांगली कातडीही जाळतं, त्याच्या जवळ जाऊ नका.

ओळखता आल्याचा प्रत्यक्ष उपयोग काय, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, त्याला मी लेसर सेलंडाइन दाखवलं. ओढ्याकाठी, रॅरिटन नदीच्या काठच्या पार्कांत, एप्रिलमध्ये हिरवा-पिवळा गालिचा पसरतो, चकचकीत पिवळी फुलं, सगळे त्यात बसून फोटो काढतात. हे फूल इथलं नाही, युरोपातून बागांसाठी आणलेलं, आणि त्याच्या मुळांना छोट्या छोट्या गाठी आणि देठांत बारीक कंदुल्या असतात, पुराच्या पाण्याबरोबर वाहून जातात आणि जातील तिथे रुजतात. ते लवकर वर येऊन जमीन अशी झाकतं की खालच्या इथल्या फुलांना, ट्राउट लिलीला, स्प्रिंग ब्यूटीला, जागाच उरत नाही. आता गंमत बघा, इथलं मूळचं मार्श मॅरिगोल्डही ओलाव्यात, पिवळं, त्याच दिवसांत. काढून टाकायला गेलेला माणूस चुकीचं उपटू शकतो. म्हणून फूल उलटं करून बघायचं, सेलंडाइनला पिवळ्या पाकळ्यांखाली तीन हिरवी निदलं असतात, मार्श मॅरिगोल्डला खाली हिरवं काहीच नाही. हा फोटो, फुलाच्या पाठीचा, तो कोणी काढत नाही आणि तोच लागतो. आमच्या टाउनच्या व्हॉलंटियर गटाबरोबर मी सेलंडाइन काढायला जाते, तिथे प्रत्येकाला आधी फूल उलटं करायला लावतात.

मागच्या वर्षी आई आली होती मार्चमध्ये, थंडीला वैतागलेली, तिला कॅनॉलकडेच्या चिखलात स्कंक कॅबेज दाखवायला नेलं. बर्फ अजून होता आणि त्यातून जांभळट-तपकिरी टोपणं वर आलेली, भोवतीचा बर्फ वितळून गोल झालेला, कारण हे झाड फुलताना स्वतः उष्णता तयार करतं, हवेपेक्षा बरंच गरम असतं. मी अ‍ॅप उघडेपर्यंत आई वाकून म्हणाली, "अगं हे तर शेवळासारखं दिसतंय, हा बघ मधला दांडा." आमचं पनवेलकडचं घर, पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी खाऊन वाढलेली ती, तिने बाहेरचं आवरण आणि आतला दांडा बघून कुळ बरोबर सांगितलं, सुरण-अळू-शेवळं आणि हे, सगळे अरॅसी. तिने लगेच विचारलं की यात पण काकडं (शेवळाची खाज मारायला घालतात ती आंबट फळं) घालून करतात का इथले लोक. मी म्हटलं आई, हात नको लावूस, याला खाज भयंकर आणि वास त्याहून. तिच्या नावाने अकाउंट उघडून ती नोंद मी त्यावर टाकली, आता ती पनवेलहून पावसाळ्यात स्वतः फोटो टाकते, आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं, की तेच अ‍ॅप तेच अकाउंट इथेही चालतं आणि तिथेही. भारतातल्या फुलांसाठी फ्लॉवर्स ऑफ इंडिया ही वेबसाइट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल सोबत ठेवा, ताडून बघायला फार बरं पडतं.

आता तो अर्धा स्टार. एक म्हणजे काही लोक न बघता "अ‍ॅग्री" दाबतात. तुम्ही कॉम्प्युटरचं सजेशन निवडलं, दुसरा कोणी तुमच्यावर विश्वास ठेवून हो म्हणाला, की झाली रिसर्च ग्रेड, आणि दोघांनीही झाड नीट बघितलेलं नाही. त्यामुळे रिसर्च ग्रेडचा हिरवा शिक्का दिसला तरी खाली कोणी काय कारण दिलंय ते वाचा, आणि आपल्याला स्वतःला फरक सांगता येत नसेल तर अ‍ॅग्री दाबू नका, कोणी ओळख दिली म्हणून आभार मानायला ते बटण नाही, आभार कमेंटमध्ये माना. दुसरं, एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज, म्हणजे शहराशहरांतली निसर्गनोंदींची चढाओढ, असते, तेव्हा जगभरातून इतक्या नोंदी पडतात की तुमची मागे राहू शकते, धीर धरा. तिसरं, नवीन माणसाला सेटिंग्जमध्ये थोडं हरवल्यासारखं होतं.

त्या सेटिंग्जमध्ये एक मात्र नक्की बघा, लोकेशन. नोंद सार्वजनिक असते, नकाशावर ठिपका दिसतो. घरामागच्या जंगलातलं फूल टाकत असाल तर ऑब्स्क्युअर्ड निवडा, मग खरा ठिपका लपतो आणि मोठ्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. धोक्यात असलेल्या जातींचं ते आपोआप लपवतात, आणि ते बरोबरच आहे, इथल्या जंगलांतून जिनसेंग आणि लेडीज स्लिपर ऑर्किड लोक उपटून नेतात. असलं काही दिसलं तर ग्रुपवर पत्ता टाकू नका, फोटो टाका फक्त.

फोटो काढायची पद्धत सांगते, ज्यांना विचारायचं असतं पण राहून जातं त्यांच्यासाठी. पांढरं फूल उन्हात फोनवर नुसता पांढरा ठिपका येतो, म्हणून फुलावर बोट टेकवून फोकस करा आणि तसंच बोट खाली ओढून उजेड कमी करा, किंवा स्वतः उभं राहून सावली पाडा. फोकस मागच्या पाचोळ्यावर जात असेल तर फुलामागे तळहात धरा. एक समोरून, एक बाजूने, एक फुलाच्या पाठीचा, एक देठावरच्या पानाचा, एक जमिनीलगतच्या पानाचा, आणि एक लांबून सगळं झाड. सगळे एकाच नोंदीत टाका, वेगवेगळ्या नोंदी करू नका. आणि गुडघे टेकायच्या आधी खाली बघा. ट्राउट लिलीचं बी रुजल्यापासून फूल यायला 4 ते 7 वर्षं जातात, तोवर ती नुसतं एक ठिपक्यांचं पान असते, आणि आपण फुललेल्या एकीचा फोटो काढायला दहा पानांवर बसतो. ट्रेल सोडून आत शिरू नका, बहुतेक सगळी फुलं ट्रेलच्या कडेलाही असतातच. तोडून घरी आणू नका, ब्लडरूट किंवा ट्राउट लिली पाण्यात ठेवली तरी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, आणि त्यांच्या बिया मुंग्या वाहून नेतात, बीला चिकटलेल्या तेलकट दाण्यासाठी, फूलच तोडलं तर त्या जागेचं पुढचं सगळं थांबतं. आधीच हरणं किती खातात ते बघताच तुम्ही.

एकदम जंगलात जाऊन बावरायला होत असेल तर आधी न्यू होपजवळच्या बोमन्स हिल वाइल्डफ्लावर प्रिझर्वला जाऊन या, 1934 पासूनचं आहे, पेनसिल्व्हेनियाची मूळची झाडं तिथे जपलीयत, तिकीट आहे पण पैसे सत्कारणी लागतात. तिथे ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल्स, ट्रिलियम नीट बघून ठेवा म्हणजे बाहेर दिसली की लगेच लक्षात येतात. एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, सकाळी दहानंतर जा कारण बरीच फुलं ऊन आल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि ढगाळ दिवस असेल तर बेत पुढे ढकला.

पाय झाकणारी पँट, मोजे त्यावर ओढलेले, आणि घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत टिक (गोचीड) बघायची, एप्रिलमध्ये थंडी आहे म्हणून टिक नसते असं अजिबात नाही. कपडे थेट ड्रायरमध्ये टाका, गरम हवेत त्या मरतात. फोटो अपलोड करायचं त्यानंतर, वायफायवर, चहा घेत.